साधं सॉफ्टवेअर आणि डबल बेल

साधी वस्तू विकत घेण्याइतकं अवघड काम दुसरं नसेल. भारी वस्तू घेणाऱ्याला दुकानदार बसायला खुर्ची देतो, पंखा त्याच्याकडे वळवतो. साधी वस्तू मागणाऱ्याकडे मात्र तो अशा नजरेनं बघतो, की जणू आपण ती उसनी मागायला आलोय. मी आजवर साधी चप्पल मागितली आहे, साधं घड्याळ मागितलं आहे, एकदा तर नुसता साधा टॉवेल मागितला आहे, आणि दर वेळी काहीतरी भलतंच काखेत मारून घरी आलो आहे. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली, की घरच्या कॉम्प्युटरवर टाईप करायला एखादं साधंसं काहीतरी घालून दे, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी झालो नाही. कारण ऑफिसनं नुकतंच मला कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि तिथलं सर्टिफिकेट मी समोरच्या खोलीत, आल्यागेल्याची नजर पडेल अशा बेतानं लावलं होतं.

आईचा टाईपरायटर त्या आठवड्यात कायमचा बसला होता. दुरुस्तीवाल्यानं तो उलटा केला, आत फुंकर मारली आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत, म्हणाला. शोभेला ठेवा, असंही म्हणाला, आणि हे सगळं तो आईसमोर बोलला. आईनं त्याला चहा विचारला नाही. आमच्या घरी आलेला माणूस बिनचहाचा गेल्याची ही एकमेव घटना.

आई निवृत्त टायपिस्ट. एका मोठ्या कचेरीत टायपिंगची वेगळी खोली होती, तिथं तिची सगळी नोकरी गेली. त्या खोलीतल्या पाचजणींनी निवृत्तीनंतर एक गठ्ठा सुरू केला होता. गठ्ठा म्हणजे एक मोठं पाकीट. ते पोस्टानं पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं फिरायचं. जिच्याकडे येईल तिनं बाकीच्या चौघींची पानं वाचायची, आपलं जुनं पान काढून घ्यायचं, नवं पान घालायचं आणि पंधरा दिवसांच्या आत पुढे धाडायचं. पानात काय असावं यावर बंधन नव्हतं. कुणाचे गुडघे, कुणाच्या सुना, कुणाच्या कुंडीतलं फुललेलं काहीबाही. पण पान टाईप केलेलंच पाहिजे. हा नियम मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे त्या खोलीच्या हेड टायपिस्ट. निवृत्त होऊनही त्या त्याच होत्या. एकीनं एकदा हात दुखतोय म्हणून पान हातानं लिहून पाठवलं, तर मोठ्या बाईंनी ते वाचलंच नाही. उत्तर आलं, की बोलायचं असेल तर फोन कर, गठ्ठ्यात टाईप करून घाल. ती बिचारी इतकी ओशाळली, की तिनं गठ्ठा घेणंच सोडलं. पाचाच्या चार झाल्या त्या अशा.

आणि आता गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडला होता आणि शेजारी मेलेला टाईपरायटर होता. आई दोघांवर एकच रुमाल घालून ठेवायची. स्वयंपाकघरातून येता-जाता ती रुमालाची टोकं सारखी करायची. तिला गठ्ठ्यातून गळायचं नव्हतं. एवढं मलाही कळत होतं.

"लिहिता आलं पाहिजे, चुकलं तर खोडता आलं पाहिजे, कागदावर आलं पाहिजे," ती म्हणाली. "बाकी काही नको मला."

कॉम्प्युटर घरात होता. मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता आणि त्यावर मुलीची आई पत्ते खेळायची. तो मेहुण्यानं, म्हणजे माझ्या बायकोच्या भावानं जोडून दिला होता. हा माणूस सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडतो आणि शेवटी त्याच्या हातात दोन-तीन स्क्रू उरतात. ते तो खिशात टाकतो. त्यानं एक मराठी फॉन्ट फुकट घालून दिला. त्यात अक्षरं टाईपरायटरच्याच जागी होती, त्यामुळे आईला नवं काही शिकायचं नव्हतं. बटणांवर इंग्रजी अक्षरं होती खरी, पण आईनं उभ्या आयुष्यात बटणांकडे बघितलेलंच नव्हतं.

आता प्रश्न फक्त लिहायच्या सॉफ्टवेअरचा होता, आणि तो फक्त आमच्या घरातला प्रश्न असता तर दुपारपर्यंत सुटला असता. पण मी जिन्यात बोललो. जिन्यात बोललेली गोष्ट वर जाऊन सांगितल्यापेक्षा लवकर वरच्या मजल्यावर पोचते आणि तिथं आमचे बँकवाले काका राहतात. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण कर्ज मंजूर करण्याची सवय गेलेली नाही. कुणी भाजी कोणती आणू विचारलं तरी ते चष्मा काढून विचार करतात. त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं, की सॉफ्टवेअर हे वाढत्या अंगाच्या कपड्यासारखं घ्यावं. आज आईंना एक पान लिहायचंय, उद्या पुस्तक लिहावंसं वाटेल. तेव्हा घ्यायचं तर सगळ्यात मोठं घ्यावं. त्यांच्या बँकेत तेच होतं. ते चालवायला बँकेत कोण होतं, असं मी विचारलं, तर ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

मी सगळ्यात मोठं घेतलं.

त्याची वर्णनं करायची तर दिवस पुरणार नाही. उघडलं की वर चित्रांच्या रांगा लागायच्या. कात्री, कुंचला, बादली, दुर्बीण. आई म्हणाली, हे टायपिंगचं आहे की रंगकामाचं. कोपऱ्यात एक डोळे फिरवणारा पोपट होता. तो मधेच पंख हलवून विचारायचा, की आपण पत्र लिहिताय असं दिसतं, मदत करू का. आईला कुणी अदबीनं विचारलं तर उत्तर न देणं जमत नाही. ती दर वेळी हात थांबवून "नको, होतंय माझं" म्हणायची. तो पुन्हा विचारायचा. शेवटी म्हणाली, की आमच्याकडे एक साहेब असेच मागे येऊन उभे राहायचे, त्यांची बदली करायला लावली होती आम्ही.

पण खरा घोळ वेगळाच होता. त्या सॉफ्टवेअरला वाक्याचं पहिलं अक्षर आपण होऊन मोठं करायची खोड होती. इंग्रजीत ते सुसंस्कृतपणाचं लक्षण असेल. आमच्या मराठी फॉन्टमध्ये मात्र इंग्रजीच्या मोठ्या अक्षराच्या जागी अर्धं अक्षर बसवलेलं होतं. त्यामुळे आईनं नीट पाय रोवून लिहिलेलं प्रत्येक वाक्य एका पायावर लंगडत सुरू व्हायचं. आई खोडायची, पुन्हा लिहायची, ते पुन्हा पाय मोडायचं. तासाभरानं तिनं खुर्ची मागे सारली आणि मोठ्या शांतपणे म्हणाली, की याला माझ्यापेक्षा जास्त येतं असं याला वाटतंय, आणि तशा माणसाबरोबर मी काम करत नाही. हे बोलताना ती कॉम्प्युटरकडे बघत होती, पण मला उगीचच कानकोंडं झालं.

मेहुणा आला आणि हसला. "भाऊजी, मला विचारायचं होतं ना," म्हणाला. त्याच्याकडे खास मराठीचं सॉफ्टवेअर होतं. पोपट नाही, चित्रं मोजकी. फक्त त्याच्यासोबत एक काडेपेटीएवढं कुलूप यायचं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचं, तरच सॉफ्टवेअर चालणार. चोरीला आळा म्हणून ही सोय. आमच्या कॉम्प्युटरला पाठीमागे तशी एकच जागा होती आणि तिथं प्रिंटरची वायर होती. मेहुणा म्हणाला, कुलपाच्या पाठीवरच वायर बसते, लोक तसंच करतात. ती बसली. पण मग प्रिंटरमधून नुसतीच चांदण्यांची रांगोळी यायची. म्हणजे कुलूप लावलं तर लिहिता येत होतं आणि काढलं तर छापता येत होतं. लिहिलेलं छापायचं असेल तर मात्र कंपनीच्या कचेरीत जाऊन नवं कुलूप मागायचं होतं.

मी अर्धी रजा टाकून गेलो. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्टला त्यांनीही कुलूपच लावलं होतं. खिडकीतल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की कुलूप बदलून मिळेल, अर्ज करा. मी खिशातलं पेन काढलं. त्या म्हणाल्या, अर्ज टाईप केलेला लागतो.

मी त्यांना समजावून सांगितलं, की बाई, टाईप करता येत असतं तर मी आलोच नसतो. त्यांना ते पटलं. त्या स्वभावानं चांगल्या होत्या. पण नियम त्यांनी केलेला नव्हता. सही लागणारे साहेब हस्ताक्षरातलं वाचत नाहीत, असं म्हणून त्यांनी खिडकीतून वाकून रस्त्यापलीकडे झाडाखाली बसलेला टायपिस्ट दाखवला. मी अर्ज करून घेतला, दिला, पोच घेतली आणि मोठी मोहीम फत्ते केल्यासारखा घरी आलो. पोच म्हणजे अर्जाचीच कार्बन कॉपी. ती मी टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेलो, ही चूक झाली.

परत आलो तेव्हा आई ती कॉपी हातात धरून उभी होती. डावा समास वाकडा होता म्हणे. एके ठिकाणी दोन शब्दांच्या मधे दुप्पट जागा सुटली होती. आई रागावली असती तर बरं झालं असतं.

"घरात टायपिस्ट असताना बाहेरून करून आणलास," एवढंच म्हणाली, आणि कॉपीची घडी घालून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको मला म्हणाली, की तुम्हाला ट्रेनिंगमध्ये नक्की काय शिकवलं. मी सर्टिफिकेट भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं.

नवं कुलूप यायला चार आठवडे लागणार होते आणि गठ्ठ्याचे पंधरा दिवस त्याआधीच संपत होते. म्हणून मी समोरच्या दारातल्या सरांकडे गेलो. सर गणिताच्या शिकवण्या घेतात. कोणतीही गोष्ट मुळापासून यायला हवी असं त्यांचं मत आहे, आणि त्यामुळे त्यांचे विद्यार्थी परीक्षेला बसतात तेव्हा मुळापाशीच असतात. त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर दिलं. त्यात चित्रं नव्हती, पोपट नव्हता, कुलूप नव्हतं. फक्त परिच्छेद हवा असेल तर तसा हुकूम टाईप करावा लागे, समास हवा असेल तर त्याचा वेगळा हुकूम, आणि पान ठेवायचं असेल तर तीन बटणं एकदम दाबून चौथं दाबावं लागे. चौथं चुकलं की पान जात असे. कुठे जात असे, ते सरांना माहीत होतं आणि त्यांनी ते फळ्यावर काढूनही दाखवलं, पण परत कसं आणायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आईचं पाऊण पान गेलं. सर म्हणाले, जाऊ द्या, त्यातून शिकायला मिळालं. आईनं त्यांना चहा दिला, पण साखर कमी होती.

एवढं सगळं चालू असताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसत नव्हती. पोपट असो, कुलूप असो, की हुकूम, आई एक ओळ झरझर टाईप करायची आणि थांबायची. मान वर करून कुठेतरी बघायची. कॉम्प्युटर उरलेला शब्द आपला आपण खालच्या ओळीवर न्यायचा, त्याकडे तिचं लक्षच नसायचं. मग एकदम तिचा डावा हात उठायचा आणि टाईपरायटरचा दांडा सरकवावा तसा मॉनिटरच्या गालावर बसायचा. दर ओळीला एक चापटी. मॉनिटर हळूहळू टेबलाच्या उजव्या काठाकडे चालला होता. रोज सकाळी मी तो पुन्हा मधे आणायचो. एकदा चापटी चहाच्या कपाला बसली आणि की-बोर्ड दिवसभर गॅलरीत दोरीवर वाळत घालावा लागला. त्याला चिमटे कुठे लावायचे यावर बायकोचा आणि माझा वाद झाला. मला वाटत होतं, की आईचं वय झालं, तिला हे जमणार नाही. तसं मी बायकोजवळ हळूच बोललोसुद्धा.

ते बाबांनी ऐकलं.

बाबांबद्दल आतापर्यंत काही आलं नाही, कारण ते आमच्या घरात असेच असायचे. खिडकीजवळची खुर्ची, वर्तमानपत्र, आणि गप्प. बाबा बसमध्ये कंडक्टर होते. जन्मभर 'पुढे चला, आत सरका' म्हणून झाल्यावर माणसाकडे बोलायला फारसं उरत नसावं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"तिला काय झालेलं नाही," ते म्हणाले. "तिला बेल मिळत नाहीये."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी, नव्या प्रवाशाला मार्ग समजावावा तसं सांगितलं. टाईपरायटरवर ओळ संपत आली, की आत एक बारीकशी घंटी वाजते. टायपिस्ट कागदाकडे बघत नाही, तिची नजर बाजूच्या मजकुरावर असते. घंटी वाजली की हातातला शब्द पुरा करायचा आणि दांडा सरकवायचा. इतकी वर्षं आई त्या घंटीवर चालत होती. आता ओळ संपते आणि घंटी वाजत नाही. "गाडी बेलशिवाय कशी निघेल?" बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

त्या घंटीच्या आवाजात मी लहानाचा मोठा झालो होतो. माझा अभ्यास, माझा ताप, माझं रुसणं, सगळं शेजारच्या खोलीतल्या त्या आवाजावर झालं होतं, कारण आई घरीही जादा काम आणायची. आणि मला वाटायचं, ती घंटी शोभेची असते. बाबा ती ऐकत आले होते. ती थांबल्याचंही घरात फक्त त्यांना ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जिन्याखालच्या जुन्या सायकलची घंटी काढली आणि टेबलाच्या काठाला स्क्रूनं आवळून बसवली. स्क्रू कमी पडला, तो मेहुण्याच्या खिशात निघाला. मग त्यांनी मला विचारलं, की या डब्यात असं काही आहे का, ज्याला काहीच येत नाही. होतं. कॉम्प्युटरसोबत आपोआप आलेलं एक कोरं पान होतं. इतकं गरीब, की ते आहे हे कुणी मला सांगितलंच नव्हतं. त्याला चित्रं नव्हती, समास माहीत नव्हता, आणि ओळ संपली की खाली जायचंही त्याला कळत नव्हतं. आपण थांबलो नाही तर ओळ सरळ उजवीकडे चालत राहायची. बँकवाले काका त्याला सॉफ्टवेअर मानायलाच तयार नव्हते. आई मात्र ते बघून पहिल्यांदा नीट टेकून बसली.

बाबांनी मॉनिटरच्या काचेवर उजव्या बाजूला कागदाची एक उभी पट्टी चिकटवली. हा स्टॉप, म्हणाले. स्वतः खुर्ची ओढून घंटीपाशी बसले. आई टाईप करू लागली. अक्षरं पट्टीला टेकली आणि बाबांनी टिंग केलं. आईनं शब्द पुरा केला, हात मॉनिटरकडे निघाला होता तो वाटेत वळवून बटणावर आणला आणि नव्या ओळीवर गेली. तेवढ्यात बाबांनी टिंग टिंग अशी डबल बेल दिली.

आईनं हात थांबवले. "अहो, मशीनला एकच असते."

"एका बेलला थांबलेली गाडी दोन दिल्याशिवाय हलत नाही," बाबा म्हणाले. "नियम आहे."

नियम म्हटल्यावर आईनं बोटं पुन्हा बटणांवर ठेवली. तिचा सगळा जन्म मोठ्या बाईंच्या हाताखाली गेला होता. तेव्हापासून प्रत्येक ओळीला एक बेल थांबायची आणि दोन बेल निघायच्या, असं सुरू झालं.

यांचं लग्न कसं जमलं याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. बाबांचं म्हणणं, की आत्यानं जमवलं. आईचं म्हणणं, की ती सकाळी बाबांच्या बसनं कामावर जायची, तिला नेहमी उशीर व्हायचा, आणि ती कोपऱ्यावरून धावत येताना दिसली, की कंडक्टर डबल बेलमधली पहिली द्यायचा आणि दुसरी द्यायला उशीर करायचा. ड्रायव्हर मागे वळून बघायचा, प्रवासी कुरकुरायचे. ती आत चढली, की मग दुसरी बेल. बाबा म्हणायचे, दोरी जाम व्हायची.

पान लगेच झालं असं मात्र समजू नका. जेवणानंतरच्या पाळीत कंडक्टरला डुलकी लागली. बेल वाजली नाही म्हणून आई थांबली नाही, आणि एक ओळ पट्टी ओलांडून कुठच्या कुठे निघून गेली. त्या एका ओळीत मोठ्या बाईंची तब्येत, आमच्या जिन्याची रंगरंगोटी आणि सरांच्या चहातली साखर एवढं सगळं आलं होतं. बाबा दचकून उठले आणि भराभर बेल देत सुटले. आई म्हणाली, स्टॉप गेला मागेच, आता काय उपयोग. मग दोघं हसायला लागले. मी त्या दोघांना एकत्र इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते सुचेना म्हणून मी प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावली.

गठ्ठा वेळेत गेला. फिरून आला तेव्हा मोठ्या बाईंच्या पानाच्या तळाशी एक ओळ होती. उजवा समास नेहमीसारखाच आहे, मशीन नवीन घेतलंस की काय. आईनं ते पान दिवसभर रुमालाच्या वर ठेवलं. पुढच्या वेळी तिनं उत्तर टाईप केलं. मशीन नवीन आहे, बेल जुनी आहे. ती ओळ पट्टीच्या बरीच आत संपली होती, तरी बाबांनी घंटी वाजवली.

अशी बरीच वर्षं गेली. कुलूप बदलून आलं, ते कुठल्याशा खणात आहे. मोठं सॉफ्टवेअर जुनं झालं, त्याच्या जागी त्याहून मोठं आलं. मॉनिटर चपटा झाला, पण नव्या काचेवरही बाबांनी पहिल्याच दिवशी पट्टी चिकटवली. गठ्ठ्यातल्या चारांच्या तीन झाल्या, मग दोघीच उरल्या. मोठ्या बाई आणि आई. पाकीट आता बारीक झालं होतं, तरी फिरत होतं.

मग बाबा गेले. खिडकीजवळच्या खुर्चीतच गेले, काही न बोलता.

त्यानंतर गठ्ठा आला आणि रुमालाखाली पडून राहिला. आई येता-जाता रुमालाची टोकं सारखी करायची. पंधरा दिवस सरत आले तेव्हा माझी मुलगी, जी आता मला ट्रेनिंग देते, स्वतःहून कामाला लागली. तिनं कुठूनसं एक अगदी साधं लिहायचं सॉफ्टवेअर शोधून आणलं. नुसतं पांढरं पान, आणि बटण दाबलं की हुबेहूब टाईपरायटरचा आवाज. ओळ संपत आली की आतून बारीकशी घंटी वाजायची. इतक्या वर्षांपूर्वी मी जे शोधत वणवण केली होती, ते हे होतं.

मुलीनं आजीला हात धरून आणून बसवलं. बायको दारात उभी राहिली, मी मागे. आईनं चष्मा लावला, बोटं ठेवली आणि टाईप करू लागली. तोच वेग. ओळ काठाला आली, घंटी वाजली, आईनं शब्द पुरा केला आणि नव्या ओळीवर गेली. मुलीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आईचे हात तसेच थांबले. आम्ही वाट बघितली. ती काही टाईप करेना.

"आजी, आवाज कमी आहे का?" मुलीनं विचारलं.

"बेल छान आहे गं," आई म्हणाली. "पण ही नुसती थांबायला सांगते. निघायला कोण सांगणार?"

मुलीला ते समजलं नाही. तिनं सेटिंग उघडायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला. टेबलाच्या काठाला ती सायकलची घंटी तशीच होती, थोडी गंजलेली. मी वाकून ती दाबली. एकदा वाजली, आणि मग अडकली. मी जोर लावला, अंगठा घसरला, पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं एकदाची दुसरी वाजली.

आई पडद्याकडेच बघत होती.

"दुसरी उशिरा दिलीस," ती म्हणाली, आणि टाईप करायला लागली.